मार्थाच्या घरी पाठवलेलं पिठलं

परकारभाईंच्या गोतावळ्यातली मला सगळ्यात आधी कळली ती मार्था. त्यांची बायको हलिमाभाभी समोरच्याच दारात राहत होती, पण तिची नीट ओळख व्हायलाही मार्थाच कारण झाली. कशी, ते थोडक्यात सांगते. मी 'थोडक्यात' म्हटलं की आमचे हे आधी चपला काढून पाय वर घेऊन बसतात. तेव्हा तुम्हीही बसा.

सौदीतल्या जुबैलला आम्ही नवीन होतो. ह्यांचं प्लांटवरचं काम, पहाटे कंपनीची बस न्यायची ती संध्याकाळी आणून सोडायची. तीन मजल्यांची इमारत, बारा बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावर आठ नंबरात आम्ही, समोर सात नंबरात परकार. खोकी अजून उघडायची होती, तोच दारावर टकटक. उंच, सडपातळ गृहस्थ, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक लाल, एक पिवळं. "मी समोरचा परकार. तुमचं पार्सल चुकून आमच्याकडे दिलं," म्हणाले. कोकणी मराठी ऐकून मला इतका आनंद झाला, मी म्हटलं, "या ना भाई, चहा घ्या. घरी सगळं बरं ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "काय बरं, वहिनी. मार्थाचा नवरा गेला."

"अगंबाई! कधी?"

"ऐन थंडीत. छातीत कफ साठला, चार दिवसांत आटोपलं. सहा पोरं आहेत. थोरला अकरा वर्षांचा, धाकटं अंगावर पितंय. नांगरणी तोंडावर आलेली. एकटी बाई, काय करणार?"

मी मूळची चिपळूणची. गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलंभात न्यायचा, हे मला कोणी शिकवायला नको. मार्था कोण, कुठली, हे विचारत बसले नाही. असेल कोणी गोव्याकडची नर्स. नांगरणीचं जरा खटकलं, पण म्हटलं, गावाला शेती असेल. सहा पोरं म्हणजे तांदूळ जास्त घातले. तासाभरात डबा घेऊन सात नंबराची बेल वाजवली.

हलिमाभाभीने दार उघडलं. "हे मार्थाकडे पोचवाल का? मिरची बेताचीच घातल्ये, पोरं आहेत ना."

तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चपलांच्या कपाटावर बसली ती पदर तोंडाला लावून हसतच सुटली. "अगो वहिनी, तो मेला त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली! अमेरिकेत! आमच्या माणसाने तुम्हालाही सोडलं नाय?"

पिठलं मग आम्ही चौघांनी खाल्लं. परकारभाई दोनदा वाढून घेत म्हणाले, "पण वहिनी, तिच्या घरी पोचतं केलं असतं तर उपयोगी पडलं असतं हो." चेष्टेने नव्हे. मनापासून.

तर असे हे परकारभाई. अमेरिकेला कधी गेले नाहीत. पण तिकडची एक काउंटी, म्हणजे आपला तालुका धरा, तिथली दीडशे वर्षांपूर्वीची घरं न् घरं त्यांना पाठ. कोणाची कितवी बायको, कोणाकडे गडी कुठल्या देशातून आला, कोण बहिरा, कोणाच्या घरी म्हातारी सासू. इमारतीतल्या बायकांना वाटे, आपण चहाड्या करतो. छे! परकारभाईंपुढे आम्ही कोण? ते गेलेल्या शतकाच्याही मागच्या शतकातल्या चहाड्या करत. "तो हेन्री," ते भाजी निवडता निवडता सांगत, कारण भाजी तेच निवडत, "दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीत तीस वर्षांचा होता, आता पस्तीसचा झालाय. कसा काय? बायको केलीन ना तरुण!"

हे खूळ लागलं हॅरल्डसाहेबांमुळे. परकारभाई कंत्राटी कंपनीत नकाशे सांभाळायच्या कामावर. प्लांटचा प्रत्येक पाइप आधी कागदावर असतो. बांधताना कुठे वळतो, कुठे उंच होतो, तर शेवटी कागद हातात घेऊन पाइपाबरोबर चालायचं. जुळलं त्यावर पिवळी रेघ, चुकलं तिथे लाल. ऐन उन्हाळ्यात, रेतीचा वारा तोंडावर घेत, मैलोन् मैल. "कागद एक सांगतो, पाइप दुसरंच सांगतो, वहिनी. चालल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचं वेदवाक्य. बकाल्यावर, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध आणायला निघाले तरी मधल्या मोकळ्या मैदानातून तिरके कधी जायचे नाहीत. कडेकडेने, एकेक दार बघत. दूध घरी येईस्तोवर चहाची वेळ टळलेली.

तरुणपणी त्यांच्या हातून एकदा जुना नकाशा नव्याच्या जागी गेला. झडप उलटी बसली. कोणाला इजा झाली नाही, पण त्यांना परत पाठवायचं ठरलं. तेव्हा त्यांचे वरिष्ठ हॅरल्डसाहेब, आयोवाकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पुढे झाले आणि म्हणाले, "तपासायचं काम माझं होतं. चूक माझ्या नावावर लिहा." परकारभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, टिकला, मागोमाग भाभी आली, मुली इथे वाढल्या, लग्नं होऊन गेल्या. ते सगळं त्या एका सहीवर. हे सांगताना मात्र ते चेष्टा करू द्यायचे नाहीत. मी एकदा केली, तर उठून गेले.

आता हॅरल्डसाहेब ऐंशीच्या पुढे, तिकडे घरी. त्यांचं एकच मागणं उरलेलं. त्यांच्या पणजोबांची पहिली मुलगी, क्लारा, दोन वर्षांची होऊन गेली. तिला शेतातच कुठेतरी पुरलं. पुढे ते शेत सोडून सगळे दुसरीकडे गेले आणि जागा विसरली. साहेबांच्या आईने मरताना सांगितलं होतं, त्या पोरीच्या नावाचा एक दगड लाव. साहेबांनी वीस वर्षं शोधलं. जमिनीची दफ्तरं कचेरीसकट जळालेली. शेवटी त्यांनी परकारभाईंना लिहिलं, तू कागद वाचणारा माणूस आहेस, बघतोस का?

परकारभाईंनी शब्द दिला. आणि त्याच वर्षी त्यांना कंपनीने सांगितलं, हा करार शेवटचा. खलास. उन्हाळ्याआधी कायमचं घरी.

"मग घरी जाऊन शोधा," हे म्हणाले.

"आमच्या गावाला रेंज हवी तर कलमाच्या आंब्यावर चढावं लागतं. ह्या वयात?"

म्हणून घाई. रोज संध्याकाळी बसमधून उतरले की जेवणाच्या मेजावर कंपनीचे जुने मोठे कागद उलटे पसरायचे, त्यावर अमेरिका. भाभी बिचारी ताट मांडीवर घेऊन जेवायची. "माझ्या मेजावर मक्याची शेतं पिकली, आणि मी वाटाणे कुठे सोलू?" म्हणायची.

पहिला गुंता सुटला तो त्यांच्या पासपोर्टामुळे. साहेबांनी आजची काउंटी धरून जुन्या जनगणनेच्या याद्या चाळल्या होत्या. पणजोबांचं नाव नाही. वर पुस्तकात लिहिलेलं, शेजारच्या काउंटीची वस्ती दहा वर्षांत निम्म्यावर आली. साहेब समजले, साथ आली, लोक पळाले, आपले पूर्वज मोजणीतून सुटले.

परकारभाईंनी कपाळावर हात मारला. "साथ कसली? जिल्हा फुटलाय!" त्यांचं गाव वाघोटणच्या खाडीच्या दक्षिण काठावर. ते जन्मले तेव्हा रत्नागिरी जिल्हा. मग मध्ये रेघ पडली, खाडीच्या अलीकडचं सिंधुदुर्ग झालं. त्यांच्या पासपोर्टवर जन्म रत्नागिरीचा, धाकट्या भावाने नंतर काढला त्याच्यावर सिंधुदुर्गाचा. "एकाच खोलीत, एकाच सुईणीच्या हातावर जन्मलो, तरी इथल्या कचेरीतल्या बाबाला सख्खे भाऊ आहोत हे पटवायला दोन खेपा झाल्या. वहिनी, माणसं कुठे गेली नव्हती. चुलीसुद्धा हलल्या नव्हत्या. कोणीतरी रेघ मारलीन."

शेजारच्या, जुन्या मोठ्या काउंटीच्या यादीत पणजोबा निघाले. बायको, क्लारा नाही, एक तान्हा मुलगा. आणि वर्षभरात गेलेल्यांची वेगळी यादी असते म्हणे तिकडे. तिच्यात क्लारा होती, आणि त्याच महिन्यात मार्थाचा नवरा.

मार्था ती अशी आली. मोजणीच्या यादीत पणजोबांच्या आधीचं घर मार्थाचं. परकारभाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोजणीदार घरोघर फिरत लिहीत गेला, म्हणजे यादी हीच त्याची वाट! एकामागे एक नावं म्हणजे एकाला लागून एक घरं. मार्थाच्या नवऱ्याने जमीन थेट सरकारकडून घेतलेली, तो कागद राजधानीत जपलेला. तिच्या जमिनीचा चौकोन नकाशावर कळला की शेजारचा कळला. "माणूस हरवला तर माणूस शोधू नका, वहिनी. शेजारी शोधा."

इतके खूश झाले की दुसऱ्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या इमारतीचीच मोजणी काढली. तस्से रकाने आखून, दारोदार. आमच्याकडे आले ते अनोळखी माणसासारखे टोपी सारखी करून.

"नाव? वय?"

"वय तुम्हाला माहीत आहे."

"सांगायला पाहिजे. हेन्रीसारखं सांगितलंत तरी चालेल." मी खरं सांगितलं, एकसष्ट. "व्यवसाय? तिकडे बायकांपुढे 'घर चालवते' असं लिहीत. लिहू?"

"लिहा. आणि ह्यांच्यापुढे 'घर चालतं त्यात राहतात' असं लिहा."

हे पेपरामागून खाकरले. मग परकारभाई थांबले. "वाचता येतं? लिहिता येतं?"

मला आजवर प्रत्येक फॉर्माने शिक्षण विचारलं. मी चौथी झालेली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांवर, रद्दीतल्या मासिकांवर, लेकाच्या पुस्तकांवर वाचून शिकलेलं. प्रत्येक फॉर्मावर 'चौथी' लिहिताना माझा हात अजून अडखळतो. मी म्हटलं, "भाई, शाळा..."

"शाळेचा रकाना नाही ह्यात. येतं की नाही, एवढंच विचारलंय." आणि टेचात लिहिलं, येतं, येतं. वर पिवळी रेघ.

त्यांच्या खुळाची मी आधी फार टिंगल केली होती. त्या दिवसापासून थोडी कमी केली. बंद नाही.

आता चूक सांगते. परकारभाईंनी जागा ठरवली, नकाशा काढला, मार्थाच्या चौकोनाच्या खाली, ओढ्याच्या काठाला फुली मारली, साहेबांना पाठवला. साहेब त्या वयात, गार वाऱ्यात, मुलाला गाडी चालवायला लावून तीन तासांवर गेले. संध्याकाळी निरोप आला. फार सभ्य होता. "मित्रा, इथे चिखल आहे आणि मक्याची धसकटं आहेत. बहुधा पाणी दर वर्षी चढतं. इथे कोणी घर बांधलं नसावं. तुझे आभार. मी आता पुन्हा प्रवास करीनसं वाटत नाही."

दोन दिवस परकारभाई जेवले नाहीत. मेजावरची अमेरिका गुंडाळून ठेवली. भाभी वाटाणे सोलायला मेजावर बसली, तर तिलाच रडू आलं. मी गेले तेव्हा ते गॅलरीत पाठमोरे. "त्याने माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली होती, वहिनी. मी त्याला चिखलात उभा केला."

जायला तीन आठवडे उरले होते. खोकी बांधायला काढलेली. मी काही समजुतीचं बोलायला गेले, पण मला काय त्यातलं कळतं? म्हणून म्हटलं, "मला दाखवा तरी, कसं शोधलंत." माणसाला समजावता आलं नाही तर त्याच्याकडून समजून घ्यावं, एवढं मला कळतं.

कागद पुन्हा पसरला. बोट फिरू लागलं. "हा ओढा. इथून मोजणीदार आला. हे पहिलं घर काठाला, हे दुसरं काठाला, इथे मार्था, मग असा खाली पाण्याच्या कडेने..."

भाभी वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तो काय होडीतनं आला होता?"

"काय?"

"मोजणारा. आपल्या खाडीत पोस्टमन होडीतनं यायचा म्हणून सगळी घरं पाण्याला लागून. हा कशावरनं आलान?"

परकारभाईंचं बोट तिथेच राहिलं. "घोड्यावरनं."

"मग घोड्यावरचा माणूस चिखलात कशाला शिरेल? रस्ता सोडून?"

तिथली सगळी जमीन मैलामैलाच्या चौकोनांत कापलेली, आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडेने. हे परकारभाईंनीच मला पन्नासदा सांगितलेलं. पण हा वाघोटणच्या खाडीवरचा माणूस! आयोवातली घरं त्याने पाण्याकाठी लावली, अमेरिकेच्या सरकारी माणसाला होडीत बसवलं आणि भरतीबरोबर वर नेलं. त्यांनी लाल पेन काढलं. फुली खोडली. रस्त्याने निघाले. मार्थाचं घर, मग वळण खाली नाही, वर, उंचवट्याकडे. पणजोबांच्या पुढच्या घराचाही सरकारी कागद होता. तो बरोबर तिथे जुळला. परकारभाई उभे राहिले. "हलिमा."

"बोला."

"तीस वर्षं मी पाइपांबरोबर चाललो."

"मी तुमच्याबरोबर चालले. वाटाणे उचला, कागदावर पडलेत."

साहेबांना पुन्हा लिहायला त्यांचा हात धजेना. चार दिवस मजकूर लिहून खोडत होते. शेवटी पहिल्या ओळीत लिहिलं, 'चूक माझी होती, माझ्या नावावर लिहा,' आणि खाली नवा नकाशा. उत्तर नाही. एक आठवडा, दोन आठवडे. परकारभाई जिन्यात भेटले की मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. जायला दोन दिवस राहिले.

त्या सकाळी सात नंबराचं दार धाडकन उघडलं, आणि लेंग्यावरच परकारभाई आमच्या दारात, हातात फोन. साहेब गेले नव्हते, मुलगा गेला होता, बापाला फोनवर दाखवत. उंचवटा. कुंपणाला लागून तीन जुनी झाडं. झाडांखाली गवतात दोन दगड. मोठ्यावर मार्थाच्या नवऱ्याचं नाव. आणि त्याला खेटून एक पाटीएवढा दगड, पुसून पुसून वाचला तेव्हा फक्त 'क्लारा'. आडनाव नाही, साल नाही. गोठलेल्या जमिनीत एकाच महिन्यात दोन खड्डे, ते जवळजवळ खणले असतील. साहेबांना नवा दगड लावायची गरजच पडली नाही. आधीच कोणीतरी लावला होता, आणि तो कुंपणाच्या मार्थाकडच्या बाजूला होता. आता कोणी लावला हे कुठल्या यादीत नाही, पण मला विचाराल तर विचारायची गरज नाही.

हलिमाभाभीने फोन जवळ धरून बघितला. डोळे पुसले, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, तुमचं पिठलं वाया गेलं नाय हो."

साहेबांचा निरोप एका ओळीचा. 'जुळलं. पिवळी रेघ मार.'

निघायच्या दिवशी दुपारी गाडी आली. बाराही बिऱ्हाडं खाली. सामान चढलं. मी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या, वर थोडं सुकं पिठलं. भाभी गळ्यात पडली, मग पुन्हा पडली. आणि परकारभाई कुठे दिसेनात. मी गुडघे धरत जिना चढले.

ते सात नंबरासमोर उभे होते. दाराला कुलूप, किल्ली मघाच मालकाच्या माणसाकडे दिलेली. हातात आमच्या इमारतीची यादी. टोपी सारखी केली आणि त्या बंद दारावर टकटक केली. सभ्यपणे, अनोळखी माणसाने करावी तशी. थांबले. कान देऊन ऐकलं. पुन्हा एकदा टकटक.

"भाई, हे काय?"

"सातमध्ये काय लिहायचं ते बघत होतो." लाल पेनाने दोन नावं खोडली, आणि पुढे लिहिलं, रिकामं. "रिकाम्या घरालाही नंबर द्यायचा असतो, वहिनी. तो वगळला तर आठवालीचा शेजार चुकतो."

यादी माझ्या हातात दिली. खालून भाभीची हाक आली, "यल्ला, चला की, गाडी थांबल्ये! अजून कोणाच्या घरी बसलात?"

ते जिना उतरले. मधल्या मैदानातून गाडी दहा पावलांवर होती. परकारभाई कडेकडेने गेले, एकेक दार बघत.